डीप पर्पलच्या पाच जागा

१९६९ च्या जून महिन्यात डीप पर्पल हा ब्रिटिश रॉक बँड एकाच वेळी दोन संचांत चालू होता. दिवसा लंडनच्या हॅनवेल भागातल्या कम्युनिटी सेंटरमध्ये गिटारवाला रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवाला जॉन लॉर्ड आणि ड्रमवाला इयन पेस नव्या गायकाला आणि नव्या बेसवाल्याला घेऊन तालीम करायचे. रात्री हेच तिघं जुना गायक रॉड एव्हान्स आणि जुना बेसवाला निक सिम्पर यांच्याबरोबर ठरलेले कार्यक्रम वाजवायचे. जुन्या दोघांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. ४ जुलैला कार्डिफमध्ये जुन्या संचाचा शेवटचा कार्यक्रम झाला आणि १० जुलैला लंडनच्या स्पीकईझी क्लबमध्ये नवा संच उभा राहिला.

एव्हान्सचा गळा मऊ होता, हळुवार गाण्यांना शोभणारा. ब्लॅकमोर आणि लॉर्डला आता बँड जोरकस करायचा होता आणि त्या जोराला पुरून उरेल असा गळा हवा होता. तो त्यांना एपिसोड सिक्स नावाच्या बँडमध्ये सापडला: इयन गिलन. त्याच्याबरोबर गाणी लिहिणारा रॉजर ग्लोव्हर तिथेच बेस वाजवत होता, तोही आला. संगीताच्या हिशेबानं हा निर्णय अचूक होता. माणुसकीच्या हिशेबानं अगदी वाईट. सिम्परला बातमी बाहेरून कळली आणि पुढे प्रकरण कोर्टात गेलं. माणूस बदलायची वेळ बहुतेक बँडवर कधी ना कधी येते. ती आली की आधी त्या माणसाला समोर बसवून सांगावं, मग दुसऱ्याला बोलवावं. एवढं साधं पथ्य या बँडला जमलं नाही आणि त्याची किंमत त्यांनी पुढे अनेकदा मोजली.

माणसं बदलूनही गाणं टिकतं, हे ग्वाल्हेरात कुणाला वेगळं समजवावं लागत नाही. इथल्या गायकीच्या घराण्यात आधी हद्दू खाँ, हस्सू खाँ, नत्थू खाँ. त्यांच्यानंतर निसार हुसेन खाँ, मग शंकरराव पंडित, मग कृष्णराव. दुसऱ्या फांदीनं वासुदेवबुवा जोशी, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर आणि विष्णु दिगंबर. १९१८ साली सुरू झालेलं माधव संगीत महाविद्यालय अजून शिकवतं आहे, आणि २०२३ साली युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून मान्यता दिली. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरातला मुलगा इलेक्ट्रिक गिटार हातात घेतो तेव्हा त्याच्या कानात हे सगळं आधीच असतं. तो पट्टी सांगताना ‘जी मेजर’च्या आधी ‘पांढरी पाच’ म्हणतो. मला वाटतं, डीप पर्पल समजून घ्यायला हा कान फार उपयोगी पडतो, कारण या बँडचा खरा प्रश्न घराण्याचाच प्रश्न आहे: जाणाऱ्याकडून येणाऱ्याकडे नेमकं काय पोचतं?

फरक एवढाच, की घराण्यात जाणारा येणाऱ्याला समोर बसवून, वर्षानुवर्षं तालीम देऊन जातो. बँडमधून माणूस बहुधा चिडून जातो आणि नवा आलेला रेकॉर्ड ऐकून शिकतो. १९६८ पासून आजपर्यंतच्या पर्पलच्या इतिहासात हातातून हातात नीट सोपवणं, माझ्या मते, एकदाच झालं. त्याकडे येईन.

बँडमध्ये पाच जागा: गळा, गिटार, ऑर्गन, बेस, ड्रम. गळ्याच्या जागेवर चौघं येऊन गेले, त्यातला गिलन तीनदा आला. गिटारवर चौघांनी अल्बम केले आणि पाचव्यानं नुसते कार्यक्रम निभावले. बेसवर तिघं. ऑर्गनवर दोघंच. ड्रमवर पहिल्या दिवसापासून एकटा इयन पेस. चाहते या संचांना मार्क एक, मार्क दोन असे क्रमांक देतात आणि सध्याचा संच नववा धरला जातो. क्रमांकांच्या नादात लोक गायक आणि गिटारवाला कोण एवढंच बघतात. मला पर्पलची ओळख ऑर्गन आणि ड्रम या दोन जागांत दिसते.

लॉर्डनं काय केलं ते नीट पाहायला हवं. हॅमंड ऑर्गन म्हणजे लाकडी कपाटाएवढं वाद्य, पावणेदोनशे किलोच्या वर वजन, आत मोटरीवर फिरणाऱ्या दातेरी चकत्या. त्याचा आवाज एरवी लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरमधून काढतात, म्हणून तो चर्चमध्ये किंवा जॅझमध्ये ऐकू येतो तसा लहरत, गोल होऊन येतो. लॉर्डनं तो गिटारच्या मार्शल अँपमध्ये घातला. आवाज फाटू लागला, खरखरीत झाला आणि गिटारच्या आवाजात मिसळू लागला. त्यांचा ‘मशीन हेड’ हा अल्बम ऐकताना कित्येक ठिकाणी गिटार कुठे संपते आणि ऑर्गन कुठे सुरू होतो ते कळत नाही. हाच पर्पलचा रंग. म्हणून गिटारवाला बदलला तरी बँड ओळखू येत राहिला: त्या रंगाचा अर्धा भाग लॉर्डच्या हातात होता.

साध्या कीबोर्डवर हा आवाज काढायचा तर ड्रॉबार ऑर्गनचा आवाज निवडावा (ड्रॉबार म्हणजे आवाजातले थर कमी-जास्त करायच्या, आतबाहेर सरकणाऱ्या पट्ट्या), पहिले तीन ड्रॉबार पूर्ण बाहेर ओढावेत, बाकीचे सहा आत ठेवावेत. व्हायब्रेटो आणि कोरस बंद. मग आवाज फाडणारं ओव्हरड्राइव्हचं पेडल. दुसरा ड्रॉबार पंचमाचा असतो. फाटलेल्या आवाजात तो जरा जास्त गढूळपणा आणतो, तेव्हा तो दोन-तीन घरं आत ढकलून पाहावा. बहुतेक जण इथे फिरता स्पीकर चालू ठेवतात. मग आवाज गोड होतो, पण गिटारशी भांडायला लागतो, आणि दोघंही आपापले आवाज वाढवत बसतात.

आता ती सुरावट, जी प्रत्येक गिटार शिकणारा पहिल्या आठवड्यात वाजवतो आणि बहुतेक जण चुकीची वाजवतात. ‘स्मोक ऑन द वॉटर’ पांढरी पाचमध्ये आहे. ‘जी’ला षड्ज माना. सुरावट अशी: सा, कोमल ग, म, सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध म, सा, कोमल ग, म, कोमल ग, सा. बारा आघात. प्रत्येक सुराच्या खाली त्याचा चौथा सूर एकाच वेळी वाजतो, म्हणजे षड्जाखाली मंद्र पंचम. तंबोऱ्याच्या पहिल्या दोन तारा आठवा: मंद्र पंचम आणि षड्ज. तीच जोडी इथे एकदम छेडली आहे आणि मग ती जोडीच्या जोडी वर सरकते. गिटारवर तिसरी आणि चौथी तार मोकळी, मग तिसऱ्या पडद्यावर, मग पाचव्यावर. दुसऱ्या फेरीत पाचव्याऐवजी आधी सहावा, मग पाचवा.

चुका ठरलेल्या आहेत. पहिली, षड्ज आणि त्याच्या वरचा पंचम घेऊन जाड पॉवर कॉर्ड वाजवणं. सूर तेच राहतात, पण जोडी उलटी होते आणि सुरावट बसकी, जड वाटू लागते. दुसरी, पिक वापरणं. पिकनं दोन तारा एकामागोमाग लागतात, कितीही चपळाई केली तरी. ब्लॅकमोर त्या बोटांनी ओढून सोडतो. अंगठा एका तारेवर आणि बोट दुसरीवर, म्हणजे दोन्ही एकाच क्षणी सुटतात. तिसरी चूक तालाची आणि सगळ्यात मोठी. पहिले तीन आघात मात्रेवर पडतात. पुढचे तीन दोन मात्रांच्या मधोमध पडतात आणि सातवा, शुद्ध मध्यम, परत मात्रेवर येतो. मिनिटाला साधारण ११२ ठोक्यांच्या लयीत हे सगळं सपाट करून मात्रेवर वाजवलं की सुरावटीतला जीव जातो. तबल्याची सवय असलेल्या मुलाला हे हातानं ताल धरून दोनदा म्हणायला लावलं की लगेच बसतं. गिटार नंतर हातात द्यावी.

या गाण्यामागची घटना सगळ्यांना ठाऊक आहे: ४ डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो, अमेरिकन संगीतकार फ्रँक झप्पाच्या कार्यक्रमात प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याचा जाळ सोडणारी बंदूक, उडवली आणि कॅसिनो जळून गेला. पर्पल त्याच कॅसिनोत रेकॉर्डिंग करणार होते. रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ, म्हणजे रेकॉर्डिंगची यंत्रं बसवलेला ट्रक, येऊन उभा होता. आधी एक पॅव्हिलियन मिळाला. तिथे या गाण्याचा पाया रेकॉर्ड झाला आणि आवाजाच्या तक्रारीवरून पोलिसांनी काम थांबवलं. मग हिवाळ्यासाठी बंद असलेलं ग्रँड हॉटेल. तिथल्या थंड बोळकांडीत गाद्या उभ्या करून भिंतींवरून परतणारा आवाज मारला आणि बहुतेक सगळा अल्बम तिथे झाला. घेतलेलं ऐकायला ट्रकपर्यंत जायचं तर खोल्यांमधून, बाल्कन्यांमधून फिरून जावं लागे, म्हणून ते हळूहळू ऐकायला जाईनासेच झाले. वाजवायचं, बरं वाटलं की पुढचं घ्यायचं. अल्बममध्ये जो सलग, न घोटलेला जोम आहे तो मला या गैरसोयीतून आलेला वाटतो.

लष्करातल्या जुन्या वाड्यातल्या खोलीलाही हाच उपाय लागतो. दगडी भिंती, उंच छत, फरशी. ड्रमचा एक ठोका पडला की तो घुमत राहतो आणि बेसचा सूर ऐकूच येत नाही. ड्रमच्या मागच्या भिंतीवर दोन जाड गोधड्या आणि समोरासमोरच्या दोन भिंतींपैकी एकीवर गादी उभी करून ठेवली तरी पुष्कळ फरक पडतो. ड्रमखाली सतरंजी हवीच, नाहीतर किक ड्रम पुढे सरकत जातो. लाइट कमी दाबानं येत असेल तर व्हॉल्व्हचा अँप मंद, निर्जीव बोलतो. अँपला एक केव्हीएचा स्टॅबिलायझर पुरतो. आणि मे महिन्यात लू सुरू झाली की गिटारचं लाकूड आटतं. मान मागे जाते, तारा पडद्यांना लागून झणझणतात, पडद्यांची टोकं हाताला टोचू लागतात. तेव्हा मानेतला ट्रस रॉड, म्हणजे मान ताणून धरणारी सळई, पाव फेरा ढिला करावा, रात्रभर तसंच ठेवावं, सकाळी पाहावं. एकदम अर्धा फेरा देऊ नये. पावसाळ्यात उलट होतं, तारा उंच जातात, तेव्हा तोच पाव फेरा परत कसावा.

ऑगस्ट १९७२ मध्ये या संचानं जपानात तीन रात्री वाजवलं: १५ आणि १६ ला ओसाका, १७ ला टोकियोचा बुडोकान. त्यातून ‘मेड इन जपान’ निघाला. दोन तबकड्या आणि एकूण सात गाणी. शेवटचं एकटंच सुमारे वीस मिनिटांचं, एक अख्खी बाजू व्यापणारं. ग्वाल्हेरच्या श्रोत्याला ही मांडणी परकी वाटत नाही. बंदिश थोडी, विस्तार मोठा. एका गाण्यात ब्लॅकमोर गिटारवर सुरांची एक लड काढतो आणि गिलन तीच गळ्यातून परत देतो, मग दुसरी, आणखी अवघड. हा सवाल-जवाब आपल्याकडे रोजचा आहे. दुसऱ्या एका गाण्यात सगळे बाजूला होतात आणि पेस एकटा ड्रम वाजवतो. पेस डावरा आहे, त्यामुळे त्याचा सगळा मांड उलटा असतो; उजव्या हातानं वाजवणाऱ्या शिकाऊ मुलानं त्याचा व्हिडिओ समोरून पाहिला तर आरशात पाहिल्यासारखे हात जुळतात. शिकायला याहून सोयीचा ड्रमवाला नाही.

पण तोवर माणसं थकली होती. १९७१ च्या शरदात गिलनला कावीळ झाली आणि अमेरिकेचा दौरा अर्धवट सुटला. १९७२ च्या वसंतात ब्लॅकमोर आजारी पडला. क्विबेकमध्ये एका कार्यक्रमाला स्पिरिट बँडचा रँडी कॅलिफोर्निया त्याच्या जागी उभा राहिला. आजारी माणसांना विश्रांती द्यायची सोडून दौऱ्यावर दौरे लावले गेले. ब्लॅकमोर आणि गिलन यांचं बोलणं बंद झालं. डिसेंबर १९७२ मध्ये गिलननं पत्र दिलं की जूनअखेर मी थांबतो, आणि २९ जून १९७३ ला ओसाकात तो थांबला. ग्लोव्हरलाही जावं लागलं. बँडचे अल्बम भरपूर खपत असताना हे झालं. दोन-तीन महिन्यांची सुट्टी मिळाली असती तर हा संच टिकला असता, असं मला मनापासून वाटतं.

पुढचा बदल मात्र संगीताच्या दृष्टीनं सगळ्यात धाडसी. बेसवर ट्रॅपीझ बँडमधला ग्लेन ह्यूज आला, जो स्वतः उंच पट्टीचा गायक होता. आणि गायक म्हणून आला डेव्हिड कव्हरडेल, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या रेडकार गावात कपड्यांच्या दुकानात काम करणारा, बावीस वर्षांचाही नसलेला मुलगा. भरदार, खालच्या अंगाचा गळा. सप्टेंबरमध्ये क्लिअरवेल कॅसलमध्ये गाणी बांधली, नोव्हेंबरमध्ये पुन्हा माँत्रोला जाऊन तोच ट्रक घेऊन रेकॉर्डिंग केलं, फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘बर्न’ बाजारात. नव्या माणसांना हाताशी मिळालेला वेळ जेमतेम तीन महिने.

इथे जुन्या गाण्यांचं काय करायचं हा प्रश्न येतो आणि तो आपल्या गल्लीतल्या बँडलाही येतो. गायक बदलला, नव्याचा गळा एक सूर खाली. तीन वाटा असतात. एक, पट्टी उतरवायची. पण ‘स्मोक ऑन द वॉटर’ पांढरी पाचवरून पांढरी चारवर आणलं की मोकळ्या तारा हातच्या जातात. तीच जोडी दाबून वाजवावी लागते आणि तिचा झणकार मरतो. त्यावर उपाय म्हणजे अख्खी गिटार एक पूर्ण सूर उतरवून लावणं, आणि मग तारा लोळतात म्हणून दहा नंबरच्या तारांच्या संचाऐवजी त्याहून जाड, अकराचा चढवणं. बेसवाल्यालाही तेच करावं लागतं. दुसरी वाट, उंच भाग दुसऱ्या गळ्याला द्यायचा. तिसरी, गाणं सोडून द्यायचं. पर्पलनं पहिली वाट टाळली आणि बाकीच्या दोन घेतल्या. उंच जागा ह्यूजकडे आल्या. ‘चाइल्ड इन टाइम’ मात्र या संचानं वाजवलं नाही. त्या गाण्यात गिलन किंचाळत तार षड्जाच्याही वरच्या षड्जापर्यंत जातो. ते त्याचं होतं आणि त्याच्याबरोबर गेलं. मला हा निर्णय अतिशय योग्य वाटतो. नव्या माणसाला जुन्याची नक्कल करायला लावलं की लोक दोघांची तुलना करत बसतात आणि नव्याचं स्वतःचं जे आहे ते कुणाला ऐकूच येत नाही.

‘बर्न’मध्ये कडव्यांना दोन गळे आलटून पालटून लागतात, एक जाड, एक बारीक. पर्पलमध्ये असं आधी नव्हतं. बेसचं वळणही बदललं. ग्लोव्हर गिटारच्या सुरावटीला चिकटून, खालून आधार देत वाजवायचा. ह्यूज तालाभोवती नाचत वाजवतो. त्या वर्षीच्या शेवटी आलेल्या ‘स्टॉर्मब्रिंगर’मध्ये तो नाच वाढला, ब्लॅकमोरला तो रुचला नाही आणि १९७५ मध्ये तो गेला.

त्याच्या जागी टॉमी बोलिन आला, अमेरिकन, विशीतला. जॅझ ड्रमवाला बिली कॉबहॅमच्या ‘स्पेक्ट्रम’ अल्बममध्ये वाजवून त्यानं जॅझवाल्यांचेही कान टवकारायला लावले होते. त्याच्याबरोबरचा ‘कम टेस्ट द बँड’ हा अल्बम लोक पर्पलचा मानायलाच तयार नसतात. मला तो आवडतो. गिटार मोकळी, हसरी आहे, ऑर्गनला जागा देते. पण स्टेजवर हाल झाले. लोक ब्लॅकमोरच्या नावानं ओरडायचे आणि बोलिन हेरॉइनच्या आहारी गेला होता. डिसेंबर १९७५ मध्ये जकार्तात त्यांचा अंगरक्षक हॉटेलच्या लिफ्टच्या खड्ड्यात पडून मरण पावला. त्यानंतर टोकियोत बोलिनचा डावा हात बधिर झालेला होता, बोटं धड पडद्यांवर फिरत नव्हती, आणि गिटारचे बरेचसे भाग लॉर्डनं ऑर्गनवर उचलून वेळ निभावली. ती रात्र रेकॉर्ड होऊन बाजारात आली, हे फार वाईट झालं. १५ मार्च १९७६ ला लिव्हरपूलमध्ये शेवटचा कार्यक्रम. त्याच वर्षी ४ डिसेंबरला मायामीत बोलिन गेला, पंचविसाव्या वर्षी.

मग बँड नव्हताच. आणि नसलेल्या बँडचं नाव १९८० मध्ये रस्त्यावर आलं. अकरा वर्षांपूर्वी न सांगता काढलेला रॉड एव्हान्स एका आयोजक कंपनीच्या नादानं, बाकी सगळी अनोळखी माणसं घेऊन, ‘डीप पर्पल’ या नावानं मेक्सिको, अमेरिका आणि कॅनडात कार्यक्रम करू लागला. खऱ्या बँडच्या व्यवस्थापनानं दावा लावला. निकाल लागला ६,७२,००० डॉलरचा आणि पहिल्या तीन अल्बमची एव्हान्सची रॉयल्टी बंद झाली. चूक त्याची होतीच, पण १९६९ मध्ये त्याच्याशी नीट बोलून, हिशेब मिटवून निरोप दिला असता तर गोष्ट इथवर आली असती का, हा प्रश्न मला सोडत नाही.

आपल्याकडे चार मित्र बँड काढतात तेव्हा नावाचं कुणी बोलत नाही. पहिल्याच महिन्यात एका कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात: नाव कुणाचं, किती जण उरले तर नाव चालू राहणार, बाहेर पडणाऱ्याला आधी बांधलेल्या गाण्यांचा वाटा किती, बँडच्या पैशांतून घेतलेला मिक्सर कुणाकडे राहणार. काम वाढलं तर ट्रेडमार्क नोंदवावा. करमणुकीच्या सेवा ४१ व्या वर्गात येतात. आणि गाण्यांचं श्रेय. ‘इन रॉक’, ‘फायरबॉल’, ‘मशीन हेड’ या तिन्ही अल्बममध्ये प्रत्येक गाण्याखाली पाचही जणांची नावं आहेत, मग ओळ कुणीही सुचवलेली असो. पेसनं एकही शब्द लिहिला नसेल, पण त्याच्या ठोक्याशिवाय ती गाणी तशी झाली नसती. १९८४ मध्ये हेच पाच जण परत एकत्र आले, ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’ केला, तेव्हा बहुतेक गाणी तिघांच्याच नावावर गेली. अल्बम उत्तम होता. भांडणंही लवकर परतली. पुढे गिटारवर स्टीव्ह मोर्स आल्यावर श्रेय पुन्हा पाच जणांत वाटलं जाऊ लागलं आणि मोर्स टिकला अठ्ठावीस वर्षं. नुसत्या या एका कारणानं नव्हे, पण हे कारण फार मोठं आहे, असं माझं ठाम मत आहे.

१९८९ मध्ये गिलनला काढून ब्लॅकमोरच्याच जुन्या रेनबो बँडमधला जो लिन टर्नर आणला, तो प्रयोग फसला. टर्नर वाईट गात नव्हता. पण रेनबोमधून ग्लोव्हरही आलेला, ब्लॅकमोर तर तिथला मालकच. तिघं रेनबोचे एकत्र झाल्यावर अल्बम रेनबोचाच वाटणार. रिकाम्या जागी आपल्याच ओळखीचा माणूस बसवला की तो जागा बदलत नाही, बाकीच्यांना मागे ओढतो. गिलन परतला, एक अल्बम झाला आणि १७ नोव्हेंबर १९९३ ला हेलसिंकीत वाजवून ब्लॅकमोर चालू दौऱ्यातून निघून गेला. जपानचे कार्यक्रम दोन-तीन आठवड्यांवर आलेले. गिटारवाला जो सॅट्रियानी यानं इतक्या थोड्या वेळात सगळं बसवलं आणि ते निभावून नेले. त्याला स्वतःचे करार असल्यामुळे राहता आलं नाही आणि १९९४ च्या शेवटी स्टीव्ह मोर्स आला.

मोर्सचं वाजवणं ब्लॅकमोरच्या अगदी उलट. ब्लॅकमोर पुष्कळ जागा रिकामी सोडतो, सूर अचानक, रागानं आल्यासारखा येतो; मोर्स भरगच्च वाजवतो, प्रत्येक सूर पिकनं स्वच्छ तोडलेला. काही ठिकाणी मला तो जास्तच भरगच्च वाटतो. तरी १९९६ च्या ‘पर्पेंडिक्युलर’मध्ये बँडला परत श्वास लागलेला ऐकू येतो. त्याच्या आधी, १९९५ मध्ये, हा नवा संच मुंबईत वाजवून गेला होता आणि ते रेकॉर्डिंग पुढे ‘बॉम्बे कॉलिंग’ नावानं निघालं. या नावामागे जुना धागा आहे: ‘चाइल्ड इन टाइम’मधली ऑर्गनची सुरुवातीची सुरावट त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या इट्स अ ब्यूटिफुल डे या बँडच्या ‘बॉम्बे कॉलिंग’ या व्हायोलिनच्या रचनेवरून घेतली होती.

आणि मग ते एकदाच नीट झालेलं सोपवणं. २००१ मध्ये गुडघ्याच्या दुखण्यामुळे लॉर्डला काही कार्यक्रम जमेनात, तेव्हा डॉन एअरी आला. लॉर्डला स्वतःच्या रचना करायच्या होत्या, दौरे नको होते. त्यानं तसं सांगितलं, वेळ दिला, आणि २००२ च्या निरोपाच्या ब्रिटिश दौऱ्यात दोघंही स्टेजवर आले. जाणारा आणि येणारा एकाच रात्री, एकाच मंचावर. श्रोत्यांनी लॉर्डला डोळे भरून पाहिलं आणि त्याच कानांनी एअरीला स्वीकारलं. कुणाच्याही नावानं कुणी ओरडलं नाही. एअरीनं लॉर्डचा रंग ठेवला, ऑर्गन फाटकाच ठेवला, आणि एकट्यानं वाजवायच्या भागात मात्र पूर्ण स्वतःचं वाजवलं. लॉर्ड २०१२ मध्ये गेला. पुढच्याच वर्षी बॉब एझ्रिननं निर्मिलेला ‘नाऊ व्हॉट?!’ आला, त्यातला ऑर्गन ऐकावा.

२०२२ मध्ये पत्नीच्या आजारपणासाठी मोर्स थांबला आणि बेलफास्टचा सायमन मॅकब्राइड आला. एअरी आणि गिलन या दोघांबरोबर त्यानं आधी वाजवलेलं होतं, म्हणजे तो रेकॉर्डवरूनच शिकून आलेला नव्हता. २०२४ च्या ‘इक्वल्स वन’मध्ये ते कळतं: गिटार आणि ऑर्गन परत एकमेकांच्या इतके जवळ वाजतात की काही ठिकाणी वेगळे करता येत नाहीत. पर्पल नव्यानं ऐकणाऱ्याला मी हाच अल्बम आधी देईन, लगेच त्यानंतर १९७० चा ‘इन रॉक’, आणि सांगेन की पहिल्या खेपेला फक्त ड्रम ऐक. मधे चोपन्न वर्षं आहेत आणि माणूस तोच आहे.